चोखामेळ्याच्या नावाची मुलींची शाळा



वर्गात एखाद्या मुलीला उभे करून प्रश्न विचारावा, तिला उत्तर येत असावे, आणि तरीही तिच्या तोंडून शब्द फुटू नये, हा अनुभव खेड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. ती पदराशी किंवा ओढणीशी चाळा करते, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरते आणि खाली बसते. आपण प्रगतिपुस्तकात लिहून मोकळे होतो, ‘मुलगी लाजाळू आहे.’ म्हणजे जणू काय लाज हा तिच्या अंगचा गुण. डोळ्यांचा रंग असावा तसा! मला हे कधी पटले नाही. भीती ही बहुतेक वेळा कोणीतरी शिकवलेली असते, आणि धीटपणाही तसाच कोणीतरी दिलेला असतो. तो कसा दिला जातो हे पाहावयाचे तर फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या नागपुरातच त्याचा एक मोठा धडा घडलेला आहे. त्या धड्यातली मुख्य बाई होती जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म 1892 सालचा, नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडचा. घर महाराचे. उमरेड हे तेव्हा हातमागाचे आणि धोतरांचे गाव म्हणून ओळखले जाई. त्या काळी आपल्या भागातले पुष्कळ महार लोकही जाडेभरडे कापड विणून पोट भरीत. जाईबाई चार वर्षांच्या असतील नसतील, तोच 1896 चा दुष्काळ आला. मध्यप्रांताच्या इतिहासात या दुष्काळाने फार मोठी वाताहत केली. माणसे गावे सोडून शहराकडे निघाली, त्यांतच हे कुटुंब नागपूरला आले. वयाच्या नवव्या वर्षी, 1901 साली, जाईबाईंचे लग्न झाले. आजच्या चौथीतल्या मुलीएवढी ती पोर. पण तेव्हा कोणाला त्यात नवल वाटले नाही.

सासरची गरिबी होती. जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझे वाहून न्यायचे, हे त्यांचे काम. कामठी म्हणजे इंग्रजांनी 1821 साली वसवलेली लष्कराची छावणी. नागपूरहून दहा मैलांच्या आसपास. आपल्यापैकी जे त्या रस्त्याने मोटारीतून जातात त्यांना ते अंतर कळायचे नाही. उन्हाळ्यात नागपूरचे ऊन काय असते हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हात डोक्यावर भार घेऊन तो रस्ता तुडवणाऱ्या बाईची कल्पना करून पाहा.

या कष्टाच्या दिवसांत ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची त्यांच्यावर नजर गेली. त्यांच्या मदतीने जाईबाईंच्या हाती अक्षर आले आणि मिशनच्या शाळेत शिकवण्याची नोकरीही मिळाली. पगार महिना चार रुपये. हमाली सुटली, हाती खडू आला. गोष्ट इथेच संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु ती इथे संपत नाही. मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आरडाओरड केली आणि आपली मुले शाळेतून काढून घेतली. जाईबाईंना ती जागा सोडावी लागली. बाई नीट शिकवीत नाही, अशी कोणाची तक्रार नव्हती. तिच्या हातचा पाढा त्यांना बाटलेला वाटला.

गुरुजनहो, या ठिकाणी आपण जरा थांबू या. लहानपणी शाळेने दार लावले तर मूल रडते आणि काही दिवसांनी विसरते. पण मोठेपणी, मेहनतीने अक्षर कमावल्यावर, लोकांच्या मुलांना मन लावून शिकवल्यावर ते दार तोंडावर बंद झाले म्हणजे माणसाचे काय होत असेल? पुष्कळ माणसे अशा वेळी म्हणतात, ‘जाऊ द्या, आपल्या नशिबी नाही.’ त्यांना दोष देणारे आपण कोण! जाईबाई मात्र तसे म्हणून थांबल्या नाहीत. दुसऱ्याच्या शाळेतून काढले, तर आपली शाळा काढू, असा विचार त्यांनी केला. 1922 साली नागपुरात त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली आणि तिला नाव दिले संत चोखामेळा कन्या पाठशाळा.

त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. 1921 च्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्या पुऱ्या दोनदेखील भरत नव्हत्या. ही सगळ्या जातींची मिळून स्थिती. मग ज्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते त्यांच्या मुलींत असे प्रमाण काय असेल, हे वेगळे सांगायला नको. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली, त्याला चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती. एवढ्या काळात पुण्याच्या पाण्यातले थोडेसेच पाणी आमच्या कन्हानपर्यंत पोहोचले होते असे म्हणावे लागते.

शाळेला चोखोबांचे नाव का दिले, याचाही विचार करण्यासारखा आहे. चोखामेळा हा चौदाव्या शतकातला मंगळवेढ्याचा महार संत. पंढरीच्या देवळात त्याला प्रवेश नव्हता. त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेर, पायरीपाशी आहे. तरी त्याची वाणी वारकऱ्यांच्या ओठी राहिली. नागपूरकडे या नावाला पुन्हा तेज आणले ते किसन फागुजी बनसोडे यांनी. हे नागपूरजवळच्या मोहप्याचे, 1879 सालचे. त्यांनी वर्तमानपत्रे काढली, छापखाना चालवला, गिरणी कामगारांसाठी लिहिले. त्यांनी समाजाला सांगितले की आपल्यातही मोठी माणसे होऊन गेली आहेत. जाईबाईंवर त्यांचा मोठा प्रभाव होता. मुलगी ज्या फाटकातून आत येते, त्यावर आपल्याच घरातल्या माणसाचे नाव आहे, ही गोष्ट किरकोळ नाही. पुढे बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ जोरात आली, आणि देवळाच्या पायरीशी थांबणाऱ्या संताचा आदर्श पुरे, आता पायरी ओलांडायची, असे लोक म्हणू लागले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते नाव आणखी मागे पडले. मला या दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. 1922 साली त्या नावाने आत येण्याचा धीर दिला. 1956 साली त्याच्या पुढे जाण्याचा धीर लोकांत आला होता.

आता कोणी विचारील की मुलींची शाळा वेगळी कशाला? मुलांच्या शाळा होत्याच की! याचे उत्तर गिरणीच्या भोंग्यात आहे. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. गिरणीच्या कापडाने हातमागाची मजुरी मारली. पण त्याच गिरणीने विणकरांच्या हाताला रोख पगाराचे काम दिले. पगारामुळे काही घरांत मुलाला शाळेत घालण्याची ऐपत आली. मुलीचे तसे नव्हते. आई भोंग्याबरोबर कामाला गेली म्हणजे पाळण्याला दोरी लावायची, चूल पाहायची, पाणी भरायचे ते मोठ्या मुलीने. ती कमवत नव्हती म्हणून तिच्या कष्टाची मोजणी नव्हती, पण तिच्यावाचून आईची मजुरी झाली नसती. अशा घरातली मुलगी शाळेत पाठवायची तर आईबापांना दर दिवशी काहीतरी सोडावे लागते. ते सोडायला लावायचे, दारोदार जाऊन समजूत घालायची, हे काम बाहेरून आलेल्या साहेबाला किंवा शिकल्यासवरल्या पांढरपेशा बाईला जमण्यासारखे नव्हते. ते ओझे वाहिलेल्या बाईलाच जमायचे. आया तिला ‘तुला काय कळते आमचे?’ असे म्हणू शकत नव्हत्या.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणच्या साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे. बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे, ते वर्गात वेगळ्या कोपऱ्यात टाकायचे, आणि शाळेचा शिपाई असेल तरच पाणी मिळायचे, कारण नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसला तर तहान तशीच! एवढी बुद्धी असलेल्या मुलालाही त्या गोणपाटाचा विसर जन्मभर पडला नाही. मुलगी असेल तर तिच्यावर दोन भार. जातीचा आणि बाईपणाचा. जाईबाईंच्या शाळेत निदान पहिला भार दाराबाहेर राहत होता. शिकवणारी बाई आपल्यासारखी, शेजारची आपल्यासारखी. उत्तर चुकले तर ते चुकलेले उत्तर असायचे. त्यावरून कोणी जात काढणार नव्हते. मी म्हणतो, धीटपणाचा पहिला पाया हाच की मुलीला चुकण्याची भीती वाटू नये.

1930 च्या ऑगस्टात नागपूरला दलितवर्गाची मोठी परिषद झाली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या प्रसंगी स्त्रियांच्या सभेत जाईबाई मुलींच्या शिक्षणावर बोलल्या. कामठीच्या रस्त्यावर ओझे वाहणारी बाई आता हजारोंच्या गावात व्यासपीठावरून बोलत होती. पण तिची खरी परीक्षा अजून व्हायची होती.

1937 च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. ही शिकलेल्या, सुधारलेल्या स्त्रियांची संस्था. बालविवाह, पडदा, वारसा हक्क या विषयांवर तिने चांगले काम केले होते हे नाकारता येणार नाही. जाईबाई आणि त्यांच्या सोबतच्या काही स्त्रियांनाही अधिवेशनाचे बोलावणे होते. त्या गेल्या. भाषणे झाली, ठराव झाले. जेवणाची वेळ झाली तेव्हा मात्र त्यांची पंगत वेगळी मांडली गेली.

पंगत म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. लग्नात, तेरवीत, भंडाऱ्यात कोणाला कोठे बसवले यावरून गावात पिढ्यान्पिढ्या भांडणे चालतात. ताट तेच असेल, वाढणारे हात गोड बोलत असतील, पण ओळ वेगळी म्हणजे घास घशाखाली उतरत नाही. आणि हे घडले कोठे? स्त्रियांच्या समतेसाठी मांडलेल्या मांडवात! जाईबाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या; पंधरा वर्षे शाळा चालवलेल्या मुख्याध्यापिका. एकदा शाळेच्या दारात जे झाले तेच पुन्हा जेवणाच्या मांडवात झाले.

फरक एवढाच की या वेळी त्या एकट्या नव्हत्या. थोड्याच दिवसांत, 1 जानेवारी 1938 ला, नागपुरातल्या दलित स्त्रियांनी मोठी सभा भरवली आणि झाल्या प्रकाराचा उघड निषेध केला. पहिल्या अपमानाच्या वेळी जाईबाईंना नोकरी गमावून घरी जावे लागले होते. दुसऱ्या अपमानाच्या वेळी त्यांच्यामागे बायांची सभा उभी राहिली. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत नागपुरात काय झाले असे मला कोणी विचारले तर मी हाच फरक दाखवीन. आपण शाळेत मुलींना सांगतो, ‘सहन करायला शीक.’ मुकाट्याने गिळणे म्हणजे सोसणे नव्हे. अपमान झाला तर त्याला अपमान म्हणता आले पाहिजे आणि ते म्हणताना बाजूला दोन माणसे उभी असली पाहिजेत. हे ज्या मुलीला मिळते तिची पाठ वाकत नाही.

अशी बाजूला उभी राहणारी माणसे तेव्हा नागपुरात पुष्कळ तयार झाली होती. अंजनीबाई देशभ्रतार यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी कष्ट घेतले. तुळसाबाई बनसोडे यांनी नवऱ्याच्या बरोबरीने छापखान्याचे आणि चळवळीचे काम सांभाळले. एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्या राधाबाई कांबळे यांना तर शाळा कधी मिळाली नव्हती. पण कामगार बायांची बाजू मांडताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही. यावरून एक बोध घेण्यासारखा आहे, तो शाळामास्तरांना कदाचित आवडायचा नाही: धीर फक्त शाळेतच मिळतो असे नाही. शाळेने निदान तो काढून घेऊ नये.

मग आले 1942. जुलै महिन्यात नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलितवर्गाची परिषद भरली आणि 20 जुलै रोजी त्याच ठिकाणी स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. आषाढाचे दिवस, पेरणीची गडबड, पोरे कडेवर. तरी इतक्या बाया आल्या. खुद्द बाबासाहेबांनाही ते पाहून समाधान वाटले.

त्या दिवशी बाबासाहेब जे बोलले ते मोठ्या पंडिती भाषेत नव्हते, घरातल्या वडील माणसासारखे होते. समाजाची प्रगती मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठे होण्याची इच्छा घाला, आपण हलके आहोत ही समजूत त्यांच्या मनातून काढून टाका, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर बाईने नवऱ्याच्या शेजारी त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेला मुलगाच हे बोलत होता. हलकेपणाची समजूत मनात कशी शिरते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

परिषदेत ठराव झाले. घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी असे म्हटले. गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायांसाठी रजा आणि म्हातारपणी पेन्शन मागितले, आणि गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच नेमावी असेही मागितले. पण शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा ठराव दुसराच आहे. प्रत्येक प्रांतात मागासलेल्या वर्गातील मुलींसाठी सरकारने आपल्या खर्चाने पन्नास मुली राहतील असे वसतिगृह काढावे.

पन्नास! मला हा आकडा फार आवडतो. शिष्यवृत्ती एकीला देता येते, पुस्तके एकीला देता येतात. पण तालुक्याच्या शाळेत एकट्या गेलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून सर्वांच्या नजरा झेलाव्या लागतात. ती चुकली तर ‘यांची जातच अशी’ असे म्हणतात, आणि पहिली आली तर ‘ही वेगळी आहे’ असे म्हणून तिला आपल्या माणसांपासून तोडतात. पन्नास जणी एका छपराखाली राहिल्या म्हणजे एक आजारी पडली तर दुसरी डोक्याला ओला फडका लावते, एकीला गणित येत नसेल तर दुसरी रात्री कंदिलापाशी बसून सांगते, आणि शाळेत जाताना त्या घोळक्याने जातात. ज्यांनी हा ठराव मांडला त्या बायांनी मानसशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पाणवठ्यावर एकटीने जाणे आणि चौघींनी मिळून जाणे यांतला फरक त्यांना ठाऊक होता. आपल्या शाळेत दूरच्या वस्तीवरून एकच मुलगी येत असेल तर तिच्या शेजारची मुलगी तिच्या बरोबर घालून द्या. नुसत्या कौतुकाच्या चार शब्दांपेक्षा त्याचा गुण जास्त येईल.

आता शेवटची हकीकत, ती एका मुलीची आणि एका शिक्षकाची. 1942 च्या परिषदेच्या वेळी नागपुरात कुमुद सोमकुवर नावाची चार वर्षांची मुलगी वाढत होती. 1956 च्या दीक्षेच्या वेळी ती अठरा वर्षांची झाली. या मुलीला संस्कृतची ओढ लागली. महाराच्या मुलीने संस्कृत शिकायचे म्हणजे त्या काळी थट्टेचाच विषय. हायस्कुलात संस्कृत शिकवायला गोखले गुरुजी होते. जुन्या वळणाचे ब्राह्मण. त्यांना पाहून मुलीच्या पोटात गोळा आला. आपल्याला हे शिकवणार नाहीत, हाकलून देतील, असे तिला वाटले. गुरुजींनी तिला हाकलले नाही. इतर मुलांना शिकवावे तसे तिला शिकवले. त्यांनी फार मोठे काही केले असे नाही. पण जिला नकाराची खात्री होती तिच्या वाट्याला नकार आला नाही, आणि तेवढ्यावर ती मुलगी एम.ए. पर्यंत संस्कृत शिकली.

पुढची वाट सोपी नव्हती. विद्यापीठात हेटाळणी झाली. चांगल्या गुणांनी एम.ए. होऊनही नोकरी मिळेना; मुलाखतीला जावे आणि परत यावे असा क्रम चालला. नंतर मोतीराम पावडे यांच्याशी त्यांचे आंतरजातीय लग्न झाले. नाव सोमकुवरचे पावडे झाले, आणि काही महिन्यांत सरकारी कॉलेजात नोकरी मिळाली. विद्या तीच होती, गुण तेच होते. बदलले होते आडनाव. कुमुद पावडे यांनी ही गोष्ट लपवली नाही. नोकरी मिळाली ती सोमकुवरांच्या कुमुदला नव्हे, हे त्यांनी आपल्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात स्पष्ट लिहिले. ते पुस्तक 1981 साली आले. त्यातले संस्कृतविषयीचे प्रकरण पुढे इंग्रजीत गेले, आणि दूरदूरच्या महाविद्यालयांत मुले ते वाचतात. कुमुदताईंनी नागपुरात अनेक वर्षे संस्कृत शिकवले, दलित स्त्रियांच्या संघटनेचे काम केले, आणि 2023 साली त्या गेल्या. जे त्यांचे लिखाण वाचतात त्यांना गोखले गुरुजींचे नाव त्यात भेटते. आपल्या नोकरीत त्या गुरुजींनी किती वर्गांना शिकवले असेल ते असो. त्यांची आठवण राहिली ती या एका विद्यार्थिनीमुळे.